सरकणारा कोपरा

माझ्या मामाला बसता येत नाही. गुडघे शाबूत आहेत, पाठ ठणठणीत आहे, घरात खुर्च्याही आहेत. पण मामा खुर्चीत बसला की खुर्चीलाच अवघडल्यासारखं होतं. आधी तो टोकावर टेकतो, मग एक पाय हलवायला लागतो, मग दुसरा, मग उठून नळ नीट बंद आहे का ते बघून येतो. नळ बंदच असतो. परत येऊन टेकतो तोवर त्याला खिडकीची कडी आठवते. जेवतानासुद्धा तो मध्येच उठतो, आणि मामी मान वर न करता म्हणते, "उठलाच आहात तर पाणी घेऊन या." त्यांच्या संसारात पाणी कायम असंच भरलं गेलंय.

सगळे त्याला भिंगरीमामा म्हणतात. माझी आई, म्हणजे त्याची थोरली बहीण, सांगते की शाळेत गुरुजींनी त्याला वर्गाबाहेर काढायचं सोडून दिलं होतं, कारण शिक्षा त्याला बक्षिसासारखी वाटायची. पुढे तो न्हाव्याच्या हाताखाली लागला. एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झाल्यावर त्याला वस्तऱ्याची धार आठवली, तो धार लावून आणायला बाहेर पडला, आणि वाटेत दुसरंच काही आठवलं. गिऱ्हाईक बराच वेळ तसंच बसून होतं म्हणतात. मग एका गोदामाची रखवाली मिळाली. रखवालदाराने दारात बसायचं असतं. मामा गोदामाभोवती इतक्या फेऱ्या मारायचा की मालकाला वाटलं, हाच चोरांसाठी जागा हेरून ठेवतोय.

शेवटी तो पाणथळीवर आला आणि टिकला.

वस्ती संपते तिथे खालच्या अंगाला ही पाणथळ पसरली आहे. तलाव म्हणावा तर तेवढी खोली नाही, चिखल म्हणावा तर त्यात होड्या चालतात. कडेने माणसाच्या डोक्यावर जाणारी पाणकणसं, मध्ये उघडं पाणी, आणि त्या पाण्यावर जलपर्णी. हिला जांभळी फुलं येतात. बघायला येणारे लोक फोटो काढतात आणि 'किती सुंदर' म्हणतात. मामाच्या कानावर ते 'किती सुंदर' पडलं की त्याचं जलपर्णी ओढायचं दाताळं जरा जोरात पडतं. कारण ही बाई वाढायला लागली की पाण्याचा श्वास कोंडते. खाली ना उजेड जात, ना मासे राहत. आज काढलेली जागा चार दिवसांत पुन्हा हिरवी. काम संपतच नाही, अशी इतरांची तक्रार होती. मामाला तीच सोय वाटली.

लांब दांड्याचं दाताळं पाण्यात टाकायचं, जलपर्णीचा थर ओढून होडीत घ्यायचा, होडी भरली की काठावर नेऊन ढीग करायचा. होडीवर मामाचा जोडीदार म्हणजे निवांत. त्याचं खरं नाव काय ते हाक मारल्यावर त्यालाही जरा वेळाने आठवतं. मामा ओढतो आणि निवांत वल्हं मारतो, म्हणजे वल्हं पाण्यात असतं आणि निवांत वल्ह्याला टेकलेला असतो. दोघांचा मिळून एक बरा माणूस होतो.

मी फाटकाजवळच्या खोलीत दुर्बिणी भाड्याने देतो. कॉलेज झाल्यावर काहीतरी मिळेपर्यंत म्हणून लागलो होतो. ते काहीतरी अजून मला शोधत असावं. असो, त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि दुर्बिणीतून पाहिलंय.

पाणथळीवर पक्ष्यांचं बघणाऱ्या एक मॅडम आहेत. डोक्यावर कायम उडायला आलेली टोपी, बुटांना कायम ओला चिखल. त्यांच्यात आणि मामात तेव्हा एका कोपऱ्यावरून धुसफुस चालली होती. मॅडमचं म्हणणं, सगळी जलपर्णी काढायची नाही, एका कोपऱ्यात थोडी ठेवायची, काही पक्षी तिच्यावरच घरटं करतात. मामाला हे पटायला जड गेलं. सगळं घर झाडून एका कोपऱ्यात केर ठेवायचा, असं त्याला ते वाटे.

"मॅडम, थोडी ठेवली की ती थोडी राहत नाही," मामा म्हणाला.

"म्हणून तर तुम्ही आहात," मॅडम म्हणाल्या.

खरी अडचण वर होती. वरच्या ऑफिसातल्या साहेबांना नेमका तोच कोपरा पायडलच्या होड्यांसाठी हवा होता. काठ जवळ, गाडी लावायला जागा. मॅडमनी भांडून एक मोसम मागून घेतला. मोसमाअखेर साहेब स्वतः बघायला येणार होते. कोपऱ्यात कोणी घरटं केलेलं दिसलं तर कोपरा राहील, नाही तर साफ.

मग कोपऱ्याभोवती बांबू ठोकायचं ठरलं. ठोकले मामानेच. एकेक बांबू चिखलात असा रोवला की हत्ती बांधला तरी हलणार नाही. टोकांना लाल चिंध्या बांधल्या, मामीची जुनी चादर फाडून. नियम सोपा होता. बांबूंच्या आत हात लावायचा नाही, बाहेर काही ठेवायचं नाही.

"माझी चादर तुमच्या आधी कायम झाली नोकरीत," मामी म्हणाली.

आणि मोसम निम्मा सरल्यावर कमळपक्षी आला. लांबच लांब बोटांचा हा पक्षी जलपर्णीच्या पानांवरून चालतो, पाण्यावरून चालल्यासारखा. पाठ तांब्याच्या रंगाची, डोळ्यावर पांढरी भुवई. घरटं म्हणजे चार काड्यांचा पसारा, तोही तरंगता. त्यात तपकिरी चकचकीत अंडी, अंड्यांवर काळ्या रेघोट्या, शाईचं पेन कोणी झटकल्यासारख्या. मॅडमनी आम्हा सगळ्यांना आळीपाळीने दुर्बिणीतून दाखवलं. या पक्ष्यात मादी अंडी घालून निघून जाते, तिला दुसरीकडे कामं असतात. अंड्यांवर बसायचं ते नराने, पिल्लंही वाढवायची त्यानेच.

मामाने हे घरी सांगितलं तेव्हा मामी भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"असे असतात, हे लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर मी जरा थांबले असते," ती म्हणाली.

"अगं, तो दिवसभर बसतो एका जागी."

"तेच म्हणतेय."

त्यानंतर मामा रोज कामाला लागण्याआधी लांबून त्या बापाकडे बघायला जायचा. त्याला त्याचं कौतुक वाटत होतं, पण त्यात थोडी चीडही होती. इतका वेळ बसणं कोणाला कसं जमतं, हे त्याला काही केल्या समजत नव्हतं.

मग वारा सुटला. संध्याकाळी सुरू झाला तो उजाडेपर्यंत होता. मॅडम त्या सकाळी शहरात गेल्या होत्या. मामा नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी हजर. वाऱ्याने जलपर्णीचे मोठे मोठे थर इकडचे तिकडे नेऊन ठेवले होते. बांबूंच्या आत हिरवं होतं, बाहेरही हिरवं होतं. बाहेरचं बघून मामाच्या हातांना खाज सुटली. तो इतका घाईत होता की त्या दिवशी बापाला बघायलाही गेला नाही. निवांत होडीत चढतोय तोवर पहिलं दाताळं पडलंसुद्धा.

थोडं ओढून झाल्यावर एक पक्षी होडीवर घिरट्या घालत ओरडायला लागला. मामाचं लक्ष नव्हतं. निवांत म्हणाला, "मामा, हा आपल्यालाच शिव्या देतोय." मामाने ओढता ओढता वर बघितलं, मग खाली बघितलं. दाताळ्याला लागून आलेला थर होडीच्या कडेशी तिरका झाला होता, आणि त्याच्या उतारावर ती रेघोट्यांची अंडी एकमेकांना टेकून कशीबशी थांबली होती.

मामा थांबला. निवांत अजून सांगतो की मामाला तसं न हलता उभा बघून त्याचीच तंतरली.

काय झालं होतं ते आता कोणालाही कळेल. बांबू तळात रोवले होते. जलपर्णी तळाला धरून नसते, ती तरंगते. घरट्याचा थर वाऱ्याने बांबूंमधून अलगद बाहेर नेला होता, आणि त्याच्या जागी कुठली तरी दुसरीच जलपर्णी आत येऊन बसली होती. आम्ही खुंट ठोकले होते पाण्याला. पाणी होतं तिथेच होतं, बाकी सगळं सरकलं होतं.

मॅडमना फोन मी केला. त्या आल्या तेव्हा मामा होडीशेजारी पाण्यात उतरून, हाताने तो थर सपाट धरून, कमरेपर्यंत भिजलेला. तो काही बोलण्याआधी मॅडमच म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मीच बांबू म्हटलं होतं. दोरी म्हणायला हवं होतं."

"ठोकले मी," मामा म्हणाला.

"अंडी फुटलीत का?"

"नाही."

"मग आधी हे करू या."

थर हळूहळू बांबूंच्या आत नेला आणि दोरीने चार बाजूंनी बांधला. आता प्रश्न बापाचा. तो परत येईल की नाही, सांगता येत नव्हतं. घरट्याला हात लागला की कधी कधी हे पक्षी सोडून देतात. त्यात ऊन चढत होतं. बाप नुसता ऊब द्यायला बसत नाही, तर उन्हात सावली धरायलाही बसतो. त्या उन्हात अंडी उघडी राहिली तर आत शिजणार. आणि कावळ्यांनी आतापर्यंत बातमी वाचलीच होती. दोन पलीकडच्या खांबावर येऊन बसले होते.

"कोणीतरी आडोशाला बसायला हवं," मॅडम म्हणाल्या. "अगदी न हलता. हललं तर बाप येणार नाही. कावळा खाली उतरायला लागला तरच हात वर करायचा. तेवढंच."

मी लगेच निवांतकडे बघितलं. या कामासाठीच तो जन्माला आला होता.

"तो झोपेल," मॅडम म्हणाल्या.

"मी मिटल्या डोळ्यांनी ऐकतो," निवांत म्हणाला. त्याला दुखावल्यासारखं वाटलं असावं.

"मी बसतो," मामा म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

पाणकणसांच्या पात्यांचा आडोसा आहे तिथे एक बुटकं बाकडं आहे. मामा मध्ये, एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला मी. समोर पात्यांच्या फटीतून बांधलेला थर दिसत होता आणि त्यावर उघडी अंडी. बाप कुठेच नव्हता.

मामाने पहिल्यांदा हात मांडीवर ठेवले. मग बोटं मांडीवर काहीतरी वाजवायला लागली, म्हणून हात काखेत घातले. मग पाय सुरू झाला. मी त्याच्याकडे बघितलं, तसा त्याने हाताने स्वतःचा गुडघा दाबून धरला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. शेवटी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन त्यावर बसला. कपाळावरून घाम ओघळून भुवईत येत होता आणि तो पुसत नव्हता. माझ्याही नाकावर माशी बसली होती. तीही मला हाकलता येईना. मामाच्या शेजारी बसून आपण आधी हललो, असं मला जन्मभर ऐकून घ्यायचं नव्हतं.

एक कावळा उठला, थरावर उतरायला लागला. मामाचा हात मांडीखालून सावकाश वर गेला, जणू वर्गात परवानगी मागतोय. कावळा वळला. हात परत खाली गेला.

"मॅडम," मामा ओठ न हलवता म्हणाला, "उन्हात किती वेळ तग धरतील?"

"आता बोलू नका."

"म्हणजे फार नाही."

ऊन थेट अंड्यांवर आलं होतं आणि ती काचेसारखी चमकत होती. मला मॅडमच्या श्वासाचा आवाज येत होता. कोपरा, साहेब, पायडलच्या होड्या, हे सगळं त्या चार अंड्यांवर येऊन थांबलं होतं. पण मामाच्या डोक्यात तेव्हा साहेब नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्याच्या डोक्यात एवढंच होतं की दुसऱ्याचं बसण्याचं काम त्याने मोडलं होतं.

मग पानांवरून तो आला. लांब बोटं टाकत, दोन पावलं, थांबून मान इकडे, दोन पावलं, मान तिकडे. घरट्यापाशी आला, अंड्यांकडे बघितलं, पंख थोडे सैल केले. आणि तो बसलाच नाही. घरट्याला वळसा घालून पलीकडे गेला, दोरीपाशी थांबला, परत आला, पुन्हा गेला. एकदा टेकल्यासारखं केलं आणि उठला.

"हा माझ्यासारखाच," मामा पुटपुटला.

पक्ष्याने एक अंडं चोचीखाली छातीशी धरलं आणि मागे मागे चालायला लागला. दोरी ओलांडून, बांबू ओलांडून, पानापानावरून, बाहेर मोकळ्या तरंगणाऱ्या दुसऱ्या एका थरावर. तिथे अंडं ठेवलं. परत आला. दुसरं घेतलं.

मॅडमनी तोंडावर हात ठेवला होता. तिसरं अंडं नेताना एका पानाने दगा दिला. अंडं निसटलं, पानाच्या कडेवर क्षणभर थांबलं आणि पाण्यात गेलं. मामा बाकड्यावरून निम्मा उठला.

"मामा," मॅडम म्हणाल्या. अगदी हळू.

मामा निम्मा उठलेला तसाच राहिला. ना वर, ना खाली. बापाने पाण्याकडे बघितलं, थोडा वेळ तिथेच फिरला, आणि मागे जाऊन शेवटचं उचललं. ते पोचलं. मग तो त्या तीन अंड्यांवर पंख पसरून बसला. तेव्हा कुठे मामा बाकड्यावर आला, आणि बाकडं कुरकुरलं.

"मी बांधलं म्हणून गेला का?" परतताना त्याने विचारलं.

"माहीत नाही. हात लागला होता, ते आवडलं नसेल. किंवा दोरी."

"दोरी मलाही नसती आवडली," मामा म्हणाला.

संध्याकाळी मामीने ऑम्लेट केलं होतं. मामा ताटाकडे बघत बसला. बसला हे महत्त्वाचं, कारण मामी लगेच म्हणाली, "बरं नाही का वाटत?"

"आज अंडं नको."

मी सगळी हकीकत सांगितली. मामीने ती ऐकली, मामाचं ताट आपल्याकडे ओढलं आणि शांतपणे खायला लागली. "ही कोंबडीची आहेत," ती म्हणाली. "कोंबडा काही बसत नाही यांच्यावर." मग जरा वेळाने, "एक गेलं ना. तीन आहेत. तुम्ही उद्या लवकर जा. आणि आज एकदाच उठा आणि माझंही पाणी आणा."

मामा लवकर गेला, आणि त्यानंतर रोजच. तो थर बांधायचा नाही, हे मॅडमनी आणि त्याने ठरवलं. बांबूही उपटले. मामाने एकच बांबू होडीत ठेवला, टोकाला चादरीची चिंधी. उजाडल्यावर पाणथळभर फिरून बाप कुठे आहे ते शोधायचं, त्याच्यापासून बेताच्या अंतरावर बांबू उभा करायचा, आणि त्या दिवशी त्या भागात कोणाचं दाताळं पडू द्यायचं नाही. दुपारी वारा फिरला की पुन्हा होडी, पुन्हा बांबू. घरी वारा जाणवला की मामा जेवण सोडून खिडकीशी. होड्यांवरची माणसं सकाळी फाटकातून आत येताना विचारायची, "मामा, आज कोपरा कुठाय?" आणि मामा हाताने दाखवायचा. कधी उत्तरेला, कधी पाणकणसांपाशी, एकदा तर थेट धक्क्याजवळ, आणि त्या दिवशी बघायला आलेल्यांना होडीऐवजी फक्त दुर्बीण मिळाली. मी भाडं वाढवावं का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

निवांतचं म्हणणं, आयुष्यात पहिल्यांदा मामाच्या फेऱ्यांना कारण मिळालं. कारण मिळाल्यावर फेऱ्या कमी होतील अशी त्याची आशा होती. ती फोल ठरली.

साहेब आले ते हातात नकाशा घेऊन. स्वच्छ बूट, गडद चष्मा. मॅडम, साहेब, मामा, निवांत आणि दुर्बिणीवाला म्हणून मी, असे सगळे एका होडीत. मामा पुढे उभा. त्याने सकाळी बापाला पाणकणसांपाशी सोडलं होतं, आणि आता तिथे तो नव्हता. निवांत वल्हवत होता, चक्क वल्हवत होता. मामाची मान एका जागी ठरत नव्हती. मॅडम साहेबांशी बोलत होत्या आणि डोळे मामाच्या पाठीवर होते. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं.

"कोपरा इथे दाखवलाय," साहेब नकाशावर बोट ठेवून म्हणाले. "इथे तर काहीच नाही."

"आहे," मामा म्हणाला. "जरा डावीकडे."

जरा डावीकडे म्हणजे बरंच डावीकडे निघालं. एका पसरट थरावर बाप उभा होता, एकटा. अंडी नव्हती. पिल्लं नव्हती. मामाचे खांदे पडलेले मी पाहिले. साहेबांनी माझ्या हातातून दुर्बीण घेतली, डोळ्याला लावली आणि बराच वेळ तशीच धरली.

"याला पाय किती आहेत?" त्यांनी विचारलं.

मामाने वाकून बघितलं. बापाचे पंख अंगाला घट्ट मिटलेले होते आणि त्यांच्याखालून लांब बोटांचे बारीक बारीक पाय लोंबत होते, काही या बाजूला, काही त्या बाजूला. होडीची चाहूल लागल्यावर त्याने पिल्लं काखोटीला मारली होती.

"त्याचे दोन," मामा म्हणाला. "बाकीचे पोरांचे."

थोड्या वेळाने बापाने पंख उघडले आणि कापसाच्या बोळ्यांएवढी तीन पिल्लं पानांवर घरंगळली आणि लगेच तीन दिशांना चालायला लागली.

"बघा, लागली पळायला," निवांत म्हणाला. "मामांच्याच हाताखालची."

साहेबांनी दुर्बीण परत दिली. पायडलच्या होड्या फाटकाच्या बाजूला लावता येतील का, असं त्यांनी मॅडमना विचारलं, आणि लावता येतील असं मॅडमनी तत्काळ सांगितलं. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, नकाशा मांडीवर पसरला आणि मामाला म्हणाले, "मग हा राखीव कोपरा नेमका कुठे? मी खूण करतो."

मामा बघत होता दुसरीकडे. पाणकणसांचे शेंडे एका बाजूला कलायला लागले होते.

"पेनाने नको, साहेब," तो म्हणाला. "पेन्सिलीने करा."

आणि बसलेल्या सगळ्यांना ओलांडून, होडी डुलवत, तो बांबू घ्यायला मागच्या टोकाला निघाला.